राष्ट्राचं नैतिक अधःपतन : ख्रिस्ती दृष्टीने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला उपदेशानंतर, बायबल-अभ्यासात आणि बऱ्याचदा रात्री उशिरा फोनवर विचारले गेले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींची दोन ओळींत संपली आहेत. जिथे विश्वासणाऱ्यांतच मतभेद आहेत तिथे माझं मत माझं म्हणूनच दिलं आहे.

पाप माणूस करतो. मग 'राष्ट्राचं पाप' असं काही असतं का?

असतं. बायबल त्याबद्दल फार सहज बोलतं. संदेष्टे शहरांना नावाने हाक मारतात. येशूसुद्धा खोराजिन आणि बेथसैदा या गावांची नावं घेऊन त्यांना सुनावतो.

याचा अर्थ सगळे सारखेच दोषी, असा मात्र नाही. पापामुळे नाश व्हायच्या बेतात असलेल्या सदोम शहरासाठी अब्राहाम देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? तीस? असं करत तो दहावर येतो, आणि प्रत्येक वेळी देव 'हो' म्हणतो. सरसकट एकाच काठीने हाकणारा देव असता तर या संभाषणाला काही अर्थच उरला नसता.

राष्ट्राचं पाप म्हणजे काय, हे मी असं समजावतो. एका कारकुनाने लाच घेतली, ते त्याचं पाप. पण कामाला निघतानाच लोक लाचेचे पैसे वेगळ्या खिशात ठेवतात, त्यात कुणालाच लाज वाटत नाही आणि न देणाऱ्यालाच 'व्यवहार कळत नाही' असं म्हटलं जातं, तेव्हा ते एकट्या कारकुनाचं राहिलेलं नसतं. पाप 'पद्धत' झालेलं असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात 'पापाच्या संरचना' असा शब्द वापरला. अशा संरचनांची मुळं माणसांच्या वैयक्तिक पापातच असतात, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. प्रोटेस्टंट मंडळींना तो शब्द परका वाटेल, पण गोष्ट ओळखीचीच आहे.

अधःपतन म्हणजे नेमकं काय? त्या यादीत काय काय येतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात यादी बहुधा तयारच असते : कपडे, सिनेमा, दारू, तरुण मुलं-मुली. म्हणून मी आधी बायबलमधली यादी वाचायला सांगतो.

सदोमाचंच घ्या. सदोम म्हटलं की सगळ्यांना एकच पाप आठवतं. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात त्या गावाने पाहुण्यांवर केलेला हिंसक हल्ला आहेच, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. पण यहेज्केल १६:४९ मध्ये (अध्याय १६, वचन ४९) देव स्वतः सदोमाचा अपराध सांगतो तेव्हा सुरुवात कुठून होते? गर्व, भरपेट अन्न, निर्धास्त ऐषआराम, आणि एवढं असूनही दीनदुबळ्यांना हात न देणं. अमंगळ कृत्यांचा उल्लेख त्याच्या पुढच्या वचनात येतो.

आता आमोस संदेष्टा. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या काळात, तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. देश तेव्हा भरभराटीत होता. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांबद्दल तो बोलतो, आणि त्या राज्याची राजधानी शोमरोन इथल्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी सापडले आहेत. मंदिरं भरलेली, सण वेळच्या वेळी साजरे होत होते. आमोसाचं बोट मात्र बाजारातल्या तराजूवर पडलं. ८:५ सावकाश वाचा. व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतात, पण तो कधी एकदा संपतो याची वाट बघत पाळतात. धान्य मोजायचं माप त्यांनी लहान केलं आहे, आणि गिऱ्हाइकाची चांदी तोलायचं वजन जड केलं आहे. म्हणजे गिऱ्हाइक चांदी जास्त देतं आणि दाणे कमी घेऊन जातं, एकाच सौद्यात दोनदा लुटलं जातं. वर गव्हात झाडलोटीचा भुसा. त्या काळी वजनं म्हणजे पिशवीत ठेवलेले दगड असत, आणि बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २५वा अध्याय सांगतो की पिशवीत एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड ठेवू नका. घेताना एक, देताना दुसरा.

मराठीत यासाठी दोनच शब्द पुरतात : मापात पाप. बायबलच्या लेखी राष्ट्राचा कस इथे लागतो. वजनात, न्यायाधीशाच्या हातात, विधवेच्या जमिनीत, मजुराच्या अडवलेल्या मजुरीत.

म्हणजे लैंगिक नीती बायबलला महत्त्वाची वाटत नाही?

वाटते. व्यभिचाराविरुद्धची आज्ञा दहा आज्ञांत आहे, आणि येशूने ती सैल न करता नजरेपर्यंत नेली. पण चोरी, खोटी साक्ष आणि लोभही त्याच दहांत आहेत. निम्म्या आज्ञांवर गर्जना आणि उरलेल्यांवर मौन, ही आपली सोय झाली. आमोस २:६-७ मध्ये पायातल्या जोड्याच्या मोबदल्यात विकलेला गरीब आणि एकाच मुलीकडे जाणारे बाप-लेक एका दमात येतात.

पूर्वीचा काळ खरंच बरा होता का?

बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकातलं ७:१० म्हणतं की आधीचे दिवस या दिवसांपेक्षा बरे का होते, असं विचारू नकोस, हे विचारणं शहाणपणाचं नाही. माझ्या मते हे वचन दर उपदेशाआधी उपदेशकानेच एकदा वाचावं.

'पूर्वी लोक देवाला भिऊन वागत' असं म्हणताना कोणतं 'पूर्वी' आपल्या डोळ्यासमोर असतं? अठराव्या शतकातल्या इंग्लंडात रविवारी चर्च भरत होती आणि त्यांतल्या प्रतिष्ठित कुटुंबांचा पैसा गुलामांच्या जहाजांत गुंतलेला होता. काही गोष्टी सुधारतात, त्याच वेळी दुसऱ्या काही बिघडतात. आजची पिढी गुलामगिरीला पाप म्हणते, आणि आई-बापांना मात्र वाऱ्यावर सोडते. दोन्ही हिशेब एकत्र मांडायची आपली तयारी नसते.

पतनाची सुरुवात कुठून होते?

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात प्रेषित पौल एक घसरण रंगवतो. लोक तिचं टोक वाचतात आणि सुरुवात सोडून देतात. सुरुवात २१व्या वचनात आहे : देवाला ओळखूनही त्यांनी त्याचा गौरव केला नाही, त्याचे आभार मानले नाहीत. पतनाचा उगम कृतघ्नतेत, हे निदान मला अजूनही चकित करतं. मिळालेलं सगळं 'माझंच' झालं की दुसरा माणूस वाटेतली अडचण होतो.

त्याच अध्यायात तीनदा येतं की देवाने त्यांना 'सोडून दिलं'. देवाचा क्रोध इथे आकाशातून वीज पडावी तसा पडत नाही. तो हात सोडतो, आणि माणूस मागितलेल्या वाटेने जातो.

दुसरी खूण भाषेत दिसते. वाइटाला बरं आणि बऱ्याला वाईट म्हणणाऱ्यांना यशया ५:२० धिक्कारतो. पैसे खाणं 'वरकमाई' होतं, खोटं बोलणं 'मॅनेज करणं' होतं. गोष्ट करण्याआधी तिचं बारसं होतं.

भूकंप, महापूर, साथी, हे देशाच्या पापाबद्दल देवाची शिक्षा असतात का?

हा प्रश्न येशूलाच विचारला गेला होता, त्यामुळे माझं मत बाजूला ठेवू. लूक १३ मध्ये लोक त्याला रोमन सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात. तो स्वतःहून दुसरी घटना काढतो : शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं तो म्हणतो. आणि लगेच : पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.

त्याने मेलेल्यांकडे वळलेलं बोट काढून विचारणाऱ्यांकडे वळवलं. ढिगाऱ्याखालच्या माणसांच्या पापाची यादी करायला ख्रिस्ती माणसाला परवानगी नाही. आधी ढिगारा उपसा.

जुन्या करारात देव राष्ट्रांचा न्याय करतो हे खरं आहे. पण तिथे घटनेचा अर्थ सांगायला संदेष्टा असतो, आणि तो बहुतेक वेळा घटनेच्या आधी, स्वतःच्या जिवावर उदार होऊन बोलतो. आपत्ती येऊन गेल्यावर सुरक्षित ठिकाणाहून अर्थ लावणं याला संदेष्टेपण म्हणत नाहीत.

इतिहासातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. ४१० साली अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. जुन्या देवांना सोडून शहर ख्रिस्ती झालं म्हणून हे घडलं, असं अनेक रोमन म्हणू लागले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी ४१३ साली उत्तर लिहायला घेतलं. ते संपायला ४२६ उजाडलं आणि त्याचे बावीस भाग झाले. रोमच्या नीतीची घसरण ख्रिस्ताच्या जन्माआधीच सुरू झाली होती, हे त्यांनी सॅलस्टसारख्या रोमच्याच इतिहासकारांच्या लिखाणावरून दाखवलं. पण मला जास्त भिडतो तो पहिल्याच भागातला मुद्दा. चांगल्या ख्रिस्ती लोकांनाही या संकटाची झळ का लागली? ऑगस्टीन म्हणतात, शेजाऱ्याचं पाप दिसत असूनही ते गप्प बसले. ओळखी बिघडतील, नुकसान होईल, म्हणून.

'माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील तर मी त्यांचा देश बरा करीन', हे २ इतिहास ७:१४ आपल्या देशाला लागू होतं का?

जसंच्या तसं नाही. ते वचन शलमोनाला, मंदिराच्या समर्पणानंतर, सीनायच्या कराराखाली, म्हणजे मोशेच्या काळात देवाने इस्राएलाशी केलेल्या कराराखाली, असलेल्या लोकांबद्दल दिलेलं आहे. आजचं कुठलंही राष्ट्र त्या करारात नाही. कुठल्या देशाने झेंड्यावर काय काढलं आहे, याने त्यात फरक पडत नाही. 'माझं नाव धारण करणारे लोक' हे शब्द आज जर कुणाला लागत असतील तर ते सगळ्या देशांत विखुरलेल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला. म्हणजे नम्र कुणी व्हायचं, हा प्रश्न मिटला. देश बरा होईल अशी हमी मात्र आपल्या हातात नाही.

ख्रिस्ती लोकांची संख्या वाढली की देश नीतिमान होतो का?

आपोआप होत नाही. हे लिहिताना जड जातं. रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. देश बहुसंख्येने ख्रिस्ती होता. न्तारामा आणि न्यामाटा इथे लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले आणि तिथेच कापले गेले. मारणाऱ्यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. शेजाऱ्यांना लपवून जीव गमावणारे ख्रिस्तीही तिथे होते, तेही सांगितलं पाहिजे. पण आकड्याने कुणाला वाचवलं नाही.

पाचव्या शतकात मार्सेयचा याजक साल्व्हियन याने तर आपल्याच ख्रिस्ती रोमनांना सुनावलं होतं की ज्यांना तुम्ही रानटी म्हणता ते तुमच्यापेक्षा शुद्ध वागतात. रोमकरांस पत्राचा दुसरा अध्यायही मान्य करतो की ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही अशांच्याही अंतःकरणावर नियमाचं काम लिहिलेलं असतं. दुसऱ्या धर्माचा किंवा देव न मानणारा शेजारी तुमच्यापेक्षा प्रामाणिक निघाला तर त्यात विश्वासाला धक्का बसण्यासारखं काही नाही. थोडं लाजावं, आणि त्याच्याकडून शिकावं.

कायदा करून नीती आणता येते का?

काही प्रमाणात. कायदा मन बदलत नाही, पण हात धरतो, आणि ज्याच्यावर तो हात उगारलेला असतो त्याच्यासाठी तेवढंही खूप असतं.

ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी १७८७ साली रोजनिशीत लिहिलं की देवाने आपल्यापुढे दोन कामं ठेवली आहेत : गुलामांचा व्यापार बंद करणं आणि देशाचं आचरण सुधारणं. व्यापार बंद करणारा कायदा व्हायला १८०७ उजाडलं. वीस वर्षं विधेयकं पडत राहिली. गुलामगिरी संपवणारं विधेयक १८३३ मध्ये मंजूर होणार हे कळल्यावर तीन दिवसांनी ते वारले. हा कायदा दुबळ्याला सबळापासून वाचवणारा होता.

उलट बाजूला अमेरिकेतली दारूबंदी. चर्चनी आणि ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी ती लढून मिळवली, आणि त्यांच्यापुढे दारुड्या नवऱ्यांनी उद्ध्वस्त केलेली घरं होती हे विसरू नये. १९२० मध्ये ती लागू झाली. सुरुवातीला पिणं कमीही झालं. मग चोरटा धंदा, टोळ्या आणि विकले गेलेले पोलीस. १९३३ मध्ये ती मागे घेतली गेली.

माझा ठोकताळा असा : कायदा कुणाला कुणापासून वाचवतो, ते आधी विचारावं. उत्तर देता आलं नाही तर तो मुद्दा बहुधा संसदेचा नसून उपदेशाचा असतो.

मंडळीने राज्यकर्त्यांना जाब विचारावा का? रोमकरांस १३ तर अधीन राहा म्हणतं.

रोमकरांस १३ आहे, तसं प्रकटीकरण १३ ही आहे. एकात सत्ता देवाची सेवक, दुसऱ्यात समुद्रातून वर आलेलं श्वापद. दोन्ही रोमन सत्तेकडे बघूनच लिहिलेलं आहे.

३९० साली सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने थेस्सलनीकात हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवलं की तुम्ही हजर असाल तर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटाने लोकांसमोर पश्चात्ताप केला. लक्षात घ्या, थिओडोसियस ख्रिस्ती होता, चर्चचा आश्रयदाता होता. विरोधकाला जाब विचारायला फार धैर्य लागत नाही. आपल्याला जमीन, सवलत आणि पहिल्या रांगेतली खुर्ची देणाऱ्याला विचारायला लागतं.

आणि मंडळीच बिघडलेली असेल तर?

तर तिथूनच सुरू करायचं. न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते, असं १ पेत्र ४:१७ सांगतं. पौल करिंथकरांना स्पष्ट विचारतो : बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम आहे का? आपण नेमकं उलट करतो. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून.

लेकरांवर झालेले अत्याचार 'मंडळीचं नाव खराब होईल' म्हणून दाबले जातात, निवडणुकीत मतं विकत घेतली जातात आणि ती निवडणूक मंडळीच्या कमिटीची असते, वर्गणीचा हिशेब मागणाऱ्याला 'विश्वासात कमी' ठरवलं जातं. अशा मंडळीने देशाच्या ऱ्हासावर उपवास-प्रार्थना ठेवली तर देव ऐकतो का? यशयाच्या पहिल्या अध्यायात उत्तर आहे. कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरले आहेत.

मुलांना या बिघडलेल्या जगापासून लांब ठेवावं का?

वयानुसार काही गोष्टींपासून, हो. जगापासून, नाही. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मया पत्र पाठवतो : घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. तेही शत्रूचं शहर. मीठ बरणीत ठेवून खारट राहतं, पण भाजी अळणीच राहते.

एवढं खालावलेलं राष्ट्र परत वर येऊ शकतं का?

अश्शूरचं निनवे शहर आलं. तिथे गेलेल्या योना संदेष्ट्याचा उपदेश हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे, आणि त्यात दयेचं नावही नाही. तरी राजा राखेत बसला. त्याच्या फर्मानात एक शब्द पाहण्यासारखा आहे : प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा. पश्चात्तापाला तिथे पत्ता आहे. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये ते शहर पडलं, आणि नहूम संदेष्टा त्याला रक्तपाती नगरी म्हणतो. एका पिढीचा पश्चात्ताप पुढच्या पिढीच्या खात्यात जमा होत नाही.

देशासाठी प्रार्थना करताना काय म्हणावं?

दानीएलाचा नववा अध्याय उघडून ठेवा. संपूर्ण बायबलमध्ये ज्यांचा दोष फारसा सांगितलेला नाही अशा मोजक्या माणसांत तो येतो, आणि तोच म्हणतो, 'आम्ही पाप केलं.' 'त्यांनी' नाही. नहेम्या तर पुढे जाऊन म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने.

१९४५ च्या ऑक्टोबरात स्टुटगार्टमध्ये जर्मन प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी असाच कबुलीजबाब दिला. त्यांतले काही हिटलरच्या तुरुंगात राहून आलेले होते. तरी त्यांनी लिहिलं की आम्ही स्वतःला दोषी धरतो : अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही. ज्यूंचं नाव मात्र त्या कबुलीत नाही. कबुलीतसुद्धा नेमका शब्द अडतो.

एका प्रार्थनासभेत मी हे समोर पाहिलं. अर्धा तास देशाची पापं मोजली जात होती, मोबाइलपासून मंत्र्यांपर्यंत. मग मागून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला : 'प्रभू, मी चार महिने सुनेशी बोलले नाही. घर एकच, चूल एकच.' एवढंच, आणि आमेन. त्यानंतर बराच वेळ कुणी मोठ्याने प्रार्थना केली नाही.

बायबलमध्ये हे वाचायला कुठून सुरुवात करू?

आमोसापासून. नऊच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. कागद घ्या आणि पहिल्या दोन अध्यायांत येणारी नावं नकाशावर मांडा : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. सगळे इस्राएलाचे शेजारी, बहुतेक जुने वैरी. प्रत्येकाच्या क्रौर्याचा पाढा वाचला जातो, आणि ऐकणाऱ्यांनी दर वेळी मान डोलावली असणार. सातवं नाव यहूदाचं, भाऊबंदांचं. आठवं खुद्द इस्राएलाचं. त्यानंतर श्रोत्यांना काय वाटलं ते सातव्या अध्यायात बेथेलच्या याजकाच्या, अमस्याच्या, तोंडून कळतं. तो आमोसाला म्हणतो, तू तिकडे यहूदा देशात पळ आणि तिथेच भाकर खा.